१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ एलएस६ विकायची आहे: बदललेल्या इंजिनाबद्दल कसे आणि किती सांगावे?

गॅरेजातला म्हातारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली एकोणतीस वर्षे माझ्याकडे असलेली १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ आता विकायची, असे पत्नीने आणि मी ठरवले आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाडीचा क्लच दाबणे मला झेपत नाही, आणि मुलांना तिच्याविषयी प्रेम असले तरी मिशिगनच्या प्रत्येक हिवाळ्याआधी बॅटरी काढणे, टाकीत स्टॅबिलायझर घालणे आणि उंदरांसाठी सापळे लावणे हा संसार त्यांना नको आहे.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मध्यम आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, हे जनरल मोटर्सने स्वतःवर घातलेले बंधन १९७० च्या मॉडेलांपासून उठले आणि शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचे इंजिन आले. त्यातील एलएस६ हा वरचा प्रकार ४५० अश्वशक्तीचा होता. ही अर्थात त्या काळच्या ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजलेली शक्ती होती. शेव्हेलमध्ये हे इंजिन त्या एकाच मॉडेल वर्षात मिळाले आणि एकूण आकडा ४,४७५ असा सर्वत्र दिला जातो. माझी गाडी बाल्टिमोरच्या कारखान्यातील, चार गिअरच्या एम२२ गिअरबॉक्सची आहे.

आता अडचण सांगतो. इंजिनाचा ब्लॉक गाडीचा मूळचा नाही. पहिल्या मालकाने १९७१ च्या हिवाळ्यात बहुधा चुकीच्या वेळी खालचा गिअर टाकला आणि एक कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी वॉरंटीत असल्याने डीलरने नवा ब्लॉक बसवून दिला. त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या पॅडवर (शिक्क्यासाठी ठेवलेल्या सपाट जागेवर) गाडीच्या क्रमांकाचा अंश नाही, तर ‘सीई’ या अक्षरांपुढे १ हा आकडा आणि अनुक्रमांक आहे. कंपनीने वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर असाच शिक्का असे आणि पहिला आकडा वर्ष दाखवत असे. ब्लॉकवरील ओतीव तारीख २२ जानेवारी १९७१ आहे आणि दुरुस्तीची पावती त्याच वर्षीच्या मार्चमधील आहे. सिलिंडर हेड मात्र मूळचेच आहेत. त्यांच्यावरील तारखा गाडी तयार होण्याच्या आधीच्या आहेत.

कागदपत्रांत ही पावती आहे, वॉरंटी पुस्तिकेतील, गाडीच्या भागांचे संकेत उठवलेली धातूची ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ आहे आणि पेट्रोलच्या टाकीवर सापडलेली बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचे याची कारखान्यातील यादी, आहे. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग उंदरांनी माझ्याही आधी वाचून संपवला होता.

गेल्या महिन्यात गाडी पाहायला आलेल्या एका पुनर्बांधणी करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले की पॅड घासून त्यावर मूळ क्रमांक ठोकून घ्यावा, म्हणजे गाडी ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे मूळच्याच इंजिनाची, म्हणून विकता येईल. किमतीत पाच आकडी डॉलरचा फरक पडेल, असेही ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि निरोप दिला. परंतु त्यानंतर दोन रात्री मी त्या आकड्याचा विचार करत होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. जाहिरातीत हे कसे लिहावे, गाडी कोठे विकावी आणि किमतीची अपेक्षा कशी ठरवावी, याबद्दल आपले मत हवे आहे.

चारबोल्ट

काका, त्या पॅडला हात लावू नका. नीतीचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. केवळ धंद्याच्या दृष्टीनेही ही चूक ठरेल.

मी अशा गाड्या खरेदीपूर्वी तपासून देतो, म्हणून प्रत्यक्ष काय पाहिले जाते ते सांगतो. हा पॅड उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे असतो. तेथे मान घालता येत नाही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन पाहावे लागते. आधी चिंधीने तेलाचा थर पुसायचा आणि मग उजेड सपाट कोनात पाडायचा. कारखान्यात ब्लॉकचा माथा ज्या यंत्राने सपाट केला जाई, त्याच्या पात्यांच्या बारीक, समांतर रेषा पॅडवर पुढून मागे गेलेल्या दिसतात आणि शिक्का त्या रेषांवर बसलेला असतो. पॅड घासला की त्या रेषा जातात, किंवा गोलाकार ओरखडे दिसतात, किंवा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. अलीकडे रेषा नकली ओढून देणारेही आहेत, पण मग त्यांची खोली आणि अंतर संशयास्पदरीत्या एकसारखे येते. तपासणाऱ्याला शंका आली की तो हेडच्या आणि ब्लॉकच्या ओतीव तारखा पाहतो. तुमच्या ब्लॉकवर जानेवारी १९७१ कोरलेले नाही, ते ओतलेले आहे. १९७० च्या गाडीत, मूळ क्रमांकाच्या शिक्क्यासह, १९७१ मध्ये ओतलेला ब्लॉक! पहिल्या दहा मिनिटांत बिंग फुटेल, आणि मग तुमची प्लेट, पावती, बिल्ड शीट या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी बाजू अशी की एलएस६ सिद्ध करणे मुळातच अवघड आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत चॅसिस क्रमांकातील पाचवे अक्षरच इंजिन सांगते. १९७० च्या प्लिमथ ’कूडात तेथे आर असेल तर ४२६ हेमी. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कंपनीच्या नोंदींवरून काढलेला मार्टी अहवाल मिळतो, आणि पॉन्टिॲकसाठी पीएचएसची (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसची) कागदपत्रे मिळतात. १९७० च्या शेव्हेलचा क्रमांक मात्र फक्त इतकेच सांगतो की ही व्ही८ इंजिनाची मालिबू कूपे आहे. ती एसएस आहे की नाही, हेसुद्धा त्यात नाही. बिल्ले, हूड, गोल घड्याळांचा डॅशबोर्ड हे सगळे नवे विकत मिळते, म्हणूनच बाजारात इतक्या नकली एसएस आहेत. अशा वेळी मूळ प्लेट हातात असणे ही तुमची खरी दौलत आहे. तिच्यावर इंजिनाचा संकेत काय आहे?

गॅरेजातला म्हातारा

सीआरव्ही. अक्षरे उलटी उठलेली आहेत, कारण डीलर त्या प्लेटवरून दुरुस्तीच्या फॉर्मवर ठसा घेत असे. म्हणून मी कार्बन कागद ठेवून तिचा ठसा घेतला आणि मग वाचले. गिअरबॉक्सवरही गाडीच्या क्रमांकाचा अंश आहे आणि तारखेच्या संकेताच्या शेवटी सी आहे.

चारबोल्ट

सीआरव्ही म्हणजे हाती गिअरचे एलएस६, आणि शेवटचा सी म्हणजे एम२२. एम२२ ही ३९६ घनइंचांच्या एल७८ इंजिनाबरोबरही मिळत असे, त्यामुळे ती एकटी काही सिद्ध करत नाही. परंतु गाडीच्याच क्रमांकाची एम२२, सीआरव्हीची प्लेट, वॉरंटीची पावती आणि जुन्या तारखांचे हेड हे चारही एका दिशेला बोट दाखवत असतील, तर जाणकाराचा संशय बराचसा फिटतो. मात्र प्लेटच्याही नकला बनतात आणि बिल्ड शीट चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करणारे महाभाग आहेत, तेव्हा शेव्हेलच्या कागदपत्रांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून लेखी तपासणी करून घ्या. त्याची फी वसूल होते.

घासाघीस

मी थोडे वेगळे मत मांडतो. खोटे बोलू नये, हे मान्यच. परंतु जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत ‘इंजिन मूळचे नाही’ असे लिहून स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच का पाडावा? ‘एलएस६, कागदपत्रांसह’ असे लिहावे, उत्तम छायाचित्रे द्यावीत आणि विचारणाऱ्याला खरे सांगावे. ज्याला महत्त्व वाटेल तो विचारेलच. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण उगाच पडलेली नाही.

जुनी पावती

घासाघीस, ती मूठ मी एकदा दुसऱ्या बाजूने उघडली आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या राज्यातील एका विक्रेत्याकडून १९६९ ची एक गाडी घेतली. जाहिरातीत ‘योग्य क्रमांकाचे इंजिन’ अशी मोघम शब्दरचना होती. मी तिचा अर्थ ‘मूळचे’ असा घेतला. विक्रेत्याचा अर्थ ‘त्या प्रकारचे’ असा होता, असे नंतर त्याच्या वकिलाच्या पत्रातून कळले. मी विचारले नव्हते, हे खरे. विचारायला हवे होते, हेही खरे. पण इंजिन उतरवल्यावर पॅडवर ग्राइंडरचे वळसे दिसले, तेव्हा जी मळमळ झाली ती अजून आठवते. प्रकरण तडजोडीत मिटले आणि दोघांचेही पैसे वकिलांकडे गेले.

म्हणून काकांना माझी विनंती आहे की ‘योग्य’, ‘तारखेस अनुरूप’, ‘क्रमांक जुळणारे’ असले शब्द टाळावेत. ओळख क्रमांक जाणीवपूर्वक खोडणे किंवा बदलणे हा फेडरल कायद्याच्या अठराव्या शीर्षकातील कलम ५११ खाली गुन्हा आहे, आणि त्या पाहुण्याने सुचवलेला मार्ग कोठे नेतो याचा अंदाज त्यावरून यावा. त्याहीपेक्षा महत्त्वाचे हे की तुमच्याकडे कमीपणाची गोष्ट नाहीच. ब्लॉक हरवलेल्या गाड्या शेकडो आहेत. बहुतेकांचे इंजिन रस्त्यावरच्या शर्यतीत फुटले आणि भंगारात गेले, आणि कधी, कोठे, कोणी बदलले याचा पत्ता नाही. तुमचे इंजिन कंपनीनेच बदलले आणि त्याची मार्च १९७१ ची पावती आहे. सीईचे छायाचित्र पहिल्या पाचात टाका आणि पावतीचे त्याच्या शेजारी.

घासाघीस

आपला अनुभव वाचून ‘विचारेल त्याला सांगावे’ हे मी मागे घेतो. पहिल्या ओळीत नको, पण पहिल्या परिच्छेदात असावे, इथपर्यंत येतो.

लिलावबघ्या

कोठे विकावी, याबद्दल. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे जानेवारीत होणाऱ्या बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात बहुतेक गाड्या राखीव किमतीशिवाय, म्हणजे विक्रेत्याने किमान भाव न ठरवता, विकल्या जातात. त्या मंचावर दोन श्रीमंत, हट्टी माणसे एकाच वेळी सभागृहात असली तर सोने होते, आणि ती दोघे त्या क्षणी जेवायला गेलेली असली तर तुम्ही हात चोळत घरी परतता. मेकमच्या लिलावांत राखीव किंमत ठेवता येते. त्यांचा फ्लोरिडातील किसिमी येथील मोठा लिलावही जानेवारीतच असतो आणि इंडियानापोलिसचा मे महिन्यात असतो. दोन्हीकडे प्रवेश फी, विक्रेत्याची दलाली आणि बंदिस्त ट्रेलरने गाडी नेण्या-आणण्याचा खर्च हिशेबात धरावा. राखीव किंमत न गाठल्यामुळे परत आलेली गाडी ही थोडी उष्टावलेली ठरते, कारण तिच्यावर लागलेली शेवटची बोली सर्वांना ठाऊक होते आणि पुढचा प्रत्येक ग्राहक तेथूनच खाली मोजायला सुरुवात करतो.

तुमच्या गाडीसाठी मात्र मी ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या ऑनलाइन लिलावाची शिफारस करीन. सभागृहात गाडी दोन-तीन मिनिटे मंचावर असते आणि तेवढ्या वेळात ‘सीई’ची गोष्ट कोणी ऐकून घेत नाही, निवेदकाने ‘मूळचे इंजिन नाही’ एवढेच म्हटले की हात खाली येतात. ऑनलाइन लिलाव कित्येक दिवस चालतो, दोनशे छायाचित्रे लावता येतात आणि खाली टिप्पणी करणाऱ्यांत शेव्हेलचे कीटक हटकून असतात. ते आधी तुम्हाला उभे-आडवे तपासतील. परंतु एकदा त्यांची खात्री पटली की तेच बोली लावणाऱ्यांसमोर तुमची बाजू मांडतात. प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या आणि चिडू नका.

किमतीसाठी हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या मार्गदर्शिकेतील चार दर्जे पाहा. पहिला दर्जा प्रदर्शनात पारितोषिक मिळवणाऱ्या गाड्यांचा असतो, आणि आपली गाडी त्यात बसते असे प्रत्येक मालकाला वाटते. आपण तिसऱ्यापासून सुरुवात करून वर चढावे. या दर्जांतून मूळ इंजिन नसल्याची तूट वेगळी वजा करावी लागते आणि ती मोठी असते. तुमच्या कागदपत्रांमुळे ती कमी होईल, नाहीशी होणार नाही. शेजाऱ्याने २००६ च्या सुमारास ऐकलेले भावही विसरा. त्या तेजीनंतर हा बाजार चांगलाच आपटला होता.

गॅरेजातला म्हातारा

सर्वांचे मनापासून आभार. गाडी एकदा पूर्वीच रंगवलेली आहे, त्यामुळे रंगाबद्दल मी वेगळे काही दावे करणार नाही. डाव्या मागच्या चाकाच्या वरच्या कडेला बोटभर फुगवटा आला आहे. विकण्यापूर्वी तो दुरुस्त करून घ्यावा का?

चारबोल्ट

मुळीच नको. ताजा रंग दिसला की ग्राहकाला खालची पुट्टी दिसू लागते, नसली तरी. फुगवट्याचे छायाचित्र शेजारी नाणे ठेवून काढा. खर्च करायचाच असेल तर व्हॉल्व्हची फट जुळवून घ्या, ब्रेक आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला (इथेनॉलमुळे जुने रबर आतून मऊ होते) आणि कॉम्प्रेशन व लीकडाउन चाचणीचे आकडे आठही सिलिंडरांसाठी लिहून ठेवा. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवा. आल्या आल्या एक्झॉस्टवर हात ठेवून पाहणारा ग्राहक चांगला; त्याला काय विचारायचे ते कळते.

सावकाश चालक

एक भाबडा प्रश्न. मी मागच्या उन्हाळ्यात एका एलएस६ मध्ये बसलो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इतका विव्हळल्यासारखा आवाज येत होता की मालकाने गिअरबॉक्स खराब झाल्याचे लपवले असे मला वाटले. काकांच्या गाडीतही तसे असेल तर ग्राहक घाबरणार नाही का?

गॅरेजातला म्हातारा

तोच तर एम२२ चा सूर आहे! तिच्या गिअरचे दाते कमी तिरके असल्यामुळे ताकद जास्त पेलते आणि आवाज जास्त होतो. ‘खडीयंत्र’ अशा अर्थाचे इंग्रजी टोपणनाव तिला त्यावरूनच पडले. हेडकडून येणारी टिकटिकही दोष नाही, कारण या इंजिनात हायड्रॉलिक नव्हे, घन टॅपेट आहेत. आपला प्रश्न भाबडा नाही. मी जाहिरातीत गाडी चालवतानाचा चार मिनिटांचा व्हिडिओ टाकणार आहे आणि खाली हे दोन्ही खुलासे लिहीन. ११.२५ च्या कॉम्प्रेशनला पंपावरचे ९३ ऑक्टेनही कमी पडते आणि चढावर ती खडखडते, म्हणून मी शर्यतीचे इंधन मिसळतो, हेही त्यात येईल.

टायटल आणि इसार

पैशांच्या आणि मालकीच्या बाजूचे दोन शब्द, कारण प्रेमाने गाडी विकणारी माणसे नेमकी येथे फसतात.

टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, आजच काढून पाहा. पती-पत्नींची नावे ‘आणि’ने जोडली आहेत की ‘किंवा’ने, यावर बऱ्याच राज्यांत दोघांच्या सह्या लागतात की एकाची पुरते हे ठरते. जुन्या कर्जाचा बोजा फेडूनही टायटलवर राहिला असेल, तर तो उतरवायला आठवडे जातात. एवढ्या जुन्या गाडीला मैलांच्या नोंदीच्या फेडरल घोषणेतून सूट आहे. तरीही पाच आकडी मीटर एकदा फिरून आला असेल तर तसे स्पष्ट लिहा.

इसार घ्या आणि तो परत मिळणार की नाही हे लिहून द्या. उरलेली रक्कम बँकेतून बँकेत यावी. कॅशिअर चेक हुबेहूब बनवता येतो, आणि खात्यात रक्कम दिसल्यानंतरही तो परत जाऊ शकतो. मागितल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘फरक वाहतूकदाराला द्या’ असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. बँकेने रक्कम जमा झाल्याचे स्वतः सांगेपर्यंत टायटलवर सही नाही आणि किल्लीही नाही. नफ्यावर कर लागतो, त्यामुळे खरेदीची आणि पुनर्बांधणीची बिले जपून ठेवा. एक गाडी विकून दुसरी घेतली की कर पुढे ढकलता येतो असे अजूनही काहीजण सांगतात. २०१८ पासून ती अदलाबदल फक्त स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे.

गॅरेजातला म्हातारा

सात आठवड्यांनंतर लिहितो आहे. गाडी विकली गेली.

पहिल्या परिच्छेदाचे तिसरे वाक्य असे होते: ‘या गाडीचा मूळ ब्लॉक मार्च १९७१ मध्ये वॉरंटीत बदलला गेला, सध्याच्या ब्लॉकवर सीई शिक्का आहे आणि दुरुस्तीची मूळ पावती सोबत आहे.’ पहिल्या दिवशी या वाक्याखाली एकेचाळीस टिप्पण्या आल्या आणि त्यांपैकी निम्म्या मला नव्याने काही शिकवणाऱ्या होत्या. एका सभासदाने प्लेटवरील मागच्या ॲक्सलचा संकेत वाचून ॲक्सलच्या नळीवर तो कोठे असेल ते सांगितले. मी पाठीवर झोपून, तारेच्या ब्रशने पन्नास वर्षांचा चिखल काढला आणि तोच संकेत तेथे सापडला. एकोणतीस वर्षांत मी तो कधी शोधलाच नव्हता.

किंमत माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा थोडी खाली आली, आणि लिलावबघ्यांच्या पद्धतीने मी काढलेल्या आकड्याच्या वर गेली. घेणारे गृहस्थ ओहायोचे. ते आले ते छोटा आरसा खिशात घेऊनच. तेल पुसून, विजेरी धरून त्यांनी सीईचा आकडा स्वतः मोठ्याने वाचला, मग उठून हात पुसले आणि म्हणाले की आता ती उंदरांनी खाल्लेली बिल्ड शीट पाहू. बोनेटवर टॉवेल अंथरून आम्ही दोघे अर्धा तास ती वाचत होतो. गाडी त्यांनी त्यानंतर चालवली.

रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जमा झाली आणि पत्नीने व मी तेथेच सह्या केल्या. टायटलवर ‘आणि’ होते.

एक शंका राहिली आहे. त्यांच्या विमा कंपनीचा ऑनलाइन फॉर्म तेरा अंकी चॅसिस क्रमांक स्वीकारत नाही आणि सतरा मागतो. त्यांनी मला फोन करून विचारले की आणखी चार अंक कोठे आहेत.

टायटल आणि इसार

सतरा अंकी पद्धत १९८१ च्या मॉडेलांपासून आली, १९७० च्या शेव्हरोलेला तेराच असतात. पुढे शून्ये जोडून फॉर्म भरू नका म्हणावे, नाहीतर टायटल आणि विमा यांचा क्रमांक जुळणार नाही. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या विभागाला फोन करून क्रमांक हाताने नोंदवून घ्यायला सांगा.